सिमला ऑफिस

कंडक्टर ओरडतो, "सिमला ऑफिसवाले पुढे या,"
आणि उतरतात कोर्टाच्या तारखेला निघालेले,
कॉलेजची पोरं, मेथीच्या जुड्या सांभाळणारी एक बाई.
सिमल्याचं कुणीच नसतं.
मीही नव्हते, एकतीस वर्षं इथेच उतरून.

दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी माझं टेबल.
सकाळी वरून आकडे यायचे, पाच-पाचांच्या गटांत,
बकऱ्या उतरतात तसे, एखादा मागे रेंगाळलेला.
त्यांत ल्हुंदार नावाचं एक ठाणं.
त्याच्या उंचीसाठी मी मनात
सिंहगडावर सिंहगड, त्यावर आणखी एक सिंहगड ठेवून पाहिला होता.
तेवढीच माझी झेप.
आमच्या संकेतात उण्याची रेघ नसते,
उण्यासाठी एक लिहायचा.
ल्हुंदारचा अख्खा हिवाळा नुसता एक, एक, एक.

निवृत्तीचे पैसे आले. भावजय म्हणाली, दुबई करून या.
मी ल्हुंदारला गेले.

सव्वीस घरं. जव कापून झालेला,
धाब्यांवर गवताचे भारे,
आणि शांतता अशी, की आपलेच कान वाजतात.
टकपांनी जाळीची पांढरी पेटी दाखवली, कडी काढून, देव्हारा उघडावा तशी.
"पुण्याची लाल पेन्सिल म्हणजे तुम्हीच का?
'आकडा तपासून कळवा' म्हणणारी?"
मी हो म्हटलं. दोघंही हसलो.
त्यांची सून माझा कप रिकामाच होऊ देत नव्हती,
खारट चहा, वर लोणी.
मला आमच्या घरची रीत आठवली,
"चहा घेणार नसशीलच ना?"

गोंपा तासाभराच्या चढावर.
मातीची, एका अंगानं खचलेली, तिला टेकू वीजमंडळाच्या जुन्या खांबाचा.
आत एक म्हातारे लामा सात वाट्यांत पाणी भरत होते,
काठाच्या एक जवभर खाली, सातही.
संध्याकाळी ते पाणी मागच्या खुरट्या वाळुंजाला.
उद्या परत.
आमचा पर्जन्यमापक असाच:
साडेआठला मोजायचं, लिहायचं, ओतून द्यायचं.
ह्यांनी मधलं एक काम
कधी धरलंच नव्हतं.

पायरीवर बसून टकपा म्हणाले,
"त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत मी तीन दिवस पेटीपाशी गेलोच नाही.
बायको आत पडून होती. वाट बंद.
आदल्या दिवशीचाच आकडा पाठवत राहिलो.
उणे एकवीस."
मला आठवले. तीन सारखे आकडे, आणि शेजारी
"उपकरण गोठले असावे",
माझंच अक्षर.
काहीतरी म्हणायला हवं होतं.
मी विचारलं, "बर्फ किती होतं?"
त्यांनी हात कमरेशी नेला,
मग थोडा वर,
मग तिथेच राहू दिला.

खाली उतरताना ते पुढे, मी मागे.
मध्येच थांबून त्यांनी एक दगड वाटेतून उचलून भिंतीवर ठेवला.
मीही एक ठेवला. का ते ठाऊक नाही.

आज नोव्हेंबर. पेपरात मथळा: पुणे गारठले, पारा अकरावर.
बसमध्ये माकडटोप्या.
हयातीच्या दाखल्यासाठी मी पुन्हा सिमला ऑफिसला उतरले.
माझ्या टेबलाच्या जागी आता एक मुलगा, कानात वायर.
म्हणाला, ल्हुंदार ना? तिथे माणूस नाही लागत आता,
आकडा तासातासाला आपोआप येतो.
त्यानं पडदा माझ्याकडे वळवला.
उणे नऊ.
आकड्याआधी खरीखुरी रेघ, आडवी,
बर्फात कुणी दारापुरती वाट काढावी तेवढी.

मग अंगठा ठेवला.
यंत्रानं दोनदा नाकारला.
"मॅडम, जरा फुंकर मारा, गार पडलाय," मुलगा म्हणाला,
"तिसऱ्यांदा घेईल."